फ्यूजच्या जागी एमसीबी बसवला म्हणजे वायरिंग नवं झालं का? जुन्या फ्लॅटच्या एका प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मला असा समजला. नाशिकच्या एका सोसायटीतला १९८३ साली बांधलेला, दुसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट तुम्ही नुकताच घेतलाय. लाकडी पट्टीवरचं वायरिंग, मेन स्विचशेजारी पोर्सिलिनचे किटकॅट फ्यूज, स्वयंपाकघरात मागच्या मालकाने नंतर ओढलेले दोन पॉवर पॉइंट. वॉशिंग मशिनला हात लागला की आईला झिणझिण्या येतात. एक मिस्त्री म्हणतो, फ्यूज काढून एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) बसवू, बोर्ड मॉड्युलर करू, वायरला काही झालेलं नाही. दुसरा म्हणतो, सगळं उपटून काढा. परवाना, अर्ज वगैरे काही लागतं का आणि तुम्हाला थोडंफार काम येतं तर ते स्वतः करून मजुरी वाचवता येईल का, हेही तुम्ही विचारलंय.

मी परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे. माझं काम पुण्यात, बहुतेक जुन्या सोसायट्यांत आणि पेठांमधल्या वाड्यांत चालतं. तुमचं घर मी पाहिलेलं नाही, त्यामुळे कुठली वायर ठेवायची आणि कुठली काढायची हे इथे बसून सांगणार नाही. ते बोर्ड उघडल्यावरच कळतं. पण काही गोष्टी घर न बघताही सांगता येतात, आणि त्यातली पहिली आजच करायची आहे.

वॉशिंग मशिन बंद करा, प्लग काढून ठेवा. कुणीतरी मोजमाप करेपर्यंत ते वापरू नका. या झिणझिण्यांची दोन कारणं असू शकतात. एक साधं: आजकालच्या मशिनमध्ये विजेतला खरखराट गाळणारा एक फिल्टर असतो. त्याचे छोटे कपॅसिटर फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रलकडून (ती परत नेणारी वायर) मशिनच्या बॉडीला जोडलेले असतात. सॉकेटला अर्थिंग, म्हणजे जमिनीशी जोडलेली तिसरी वायर, असेल तर त्यातून येणारा चिमूटभर करंट अर्थच्या वायरने निघून जातो. अर्थिंग नसेल तर बॉडीवर साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं, हात लावला की मुंग्या येतात, टेस्टरही पेटतो. दुसरं कारण गंभीर: मोटर किंवा हीटरचं इन्शुलेशन गेलंय आणि फेज खरोखर बॉडीला लागलाय. हाताला दोन्ही सुरुवातीला सारखेच वाटतात. पायात रबरी चप्पल आणि फरशी कोरडी असेल तर खराखुरा लीकेजसुद्धा नुसत्या झिणझिण्यांसारखा जाणवतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभं असताना तोच जीव घेतो. एक मात्र दोन्ही प्रकारांत नक्की आहे: त्या सॉकेटला चालणारं अर्थिंग नाही.

आता इथे एक मिस्त्री हमखास एक उपाय सुचवेल, त्याला ठाम नकार द्या. तो सॉकेट उघडेल, न्यूट्रलच्या पिनेतून एक छोटा वायरचा तुकडा अर्थच्या पिनेला जोडेल आणि म्हणेल, बघा, झिणझिण्या गेल्या. त्या खरंच जातात. पण त्या क्षणापासून तुमच्या मशिनची पत्र्याची बॉडी न्यूट्रलला बांधलेली असते. उद्या त्या बोर्डामागे न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला, की मशिन बंद पडतं आणि फेज मशिनच्या आतून, न्यूट्रलच्या पिनेतून, त्या तुकड्यातून थेट बॉडीवर येतो. पूर्ण २३० व्होल्ट. आणि माणूस नेमका तेव्हाच मशिनला हात लावतो, कारण ते बंद का पडलं हे त्याला बघायचं असतं. जुन्या घरात मी पहिल्यांदा सॉकेट उघडतो तेव्हा आधी हा तुकडा शोधतो, आणि तो वरचेवर सापडतो. नळाच्या पाइपला अर्थ जोडणं हाही तसलाच प्रकार. जुन्या लोखंडी पाइपलाइनमध्ये कुठेतरी मधला तुकडा प्लास्टिकचा बदललेला असतो, म्हणजे अर्थ तुटलेला आणि तुमचा लीकेज शेजाऱ्याच्या नळावर.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंत की वायर जुनी झाली म्हणून बदलावी का. मी प्रश्न जरा वेगळा मांडतो: घरात काही बिघडलं तर वीज आपोआप, वेळेत बंद होईल का? वायर चाळीस वर्षांची असो वा चार, या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर वायरिंग असुरक्षित आहे. बिघाड मुख्यतः दोन प्रकारचे. पहिल्यात वायरमधून झेपत नाही इतका करंट जातो, ती तापते आणि आग लागते. दुसऱ्यात करंट वाट सोडून बॉडीवर, भिंतीवर, माणसात शिरतो. या दोन्हींसाठी संरक्षण वेगवेगळं लागतं.

एमसीबी पहिल्या प्रकारासाठी आहे. तो वायर वाचवतो, माणूस नाही. आणि तो वायरसुद्धा तेव्हाच वाचवतो, जेव्हा त्याचा आकडा त्या वायरला साजेसा असतो. तुमच्या काळातल्या घरांत दिव्यांना सहसा १/१८ किंवा ३/२२ ची वायर असते. आजच्या मापात ती जेमतेम सव्वा एमएम भरते (वायरच्या बाबतीत एमएम म्हणजे चौरस मिलिमीटर). आज आपण नुसत्या दिव्या-पंख्यांनाही दीड एमएमच्या खाली जात नाही. त्यात त्या काळात तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची वायर बऱ्याच इमारतींत वापरली गेली, आणि तेवढ्याच जाडीत ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच असते, म्हणजे ते लवकर तापतं. अशा वायरच्या डोक्यावर पाच अँपियरच्या फ्यूजऐवजी कुणी सोळाचा एमसीबी बसवला, तो ट्रिप होतो म्हणून पुढच्या वर्षी बत्तीसचा बसवला, तर वायर पेटेपर्यंत तापली तरी एमसीबी शांत राहणार. म्हणून पहिल्या मिस्त्रीचा सल्ला मला धोकादायक वाटतो. मोजून न बसवलेला एमसीबी त्या जुन्या फ्यूजपेक्षा वाईट.

दुसऱ्या प्रकाराचा हिशोब लोक सहसा करत नाहीत, म्हणून इथे करून दाखवतो. समजा गीझरची कॉइल फुटली आणि फेज बॉडीला लागला. अर्थिंग आहे, आणि चांगलं आहे, अर्थच्या खड्ड्याचा (जिथे ती वायर जमिनीला जोडलेली असते) रेझिस्टन्स ५ ओहम. २३० भागिले ५, म्हणजे अर्थमधून ४६ अँपियर जातील. गीझरला सोळा अँपियरचा सी प्रकारचा एमसीबी असेल तर तो झटक्यात पडायला त्याच्या पाच ते दहा पट करंट लागतो, म्हणजे ८० ते १६० अँपियर. ४६ ला तो तापून पडेल, त्याला काही सेकंद किंवा मिनिटभरही लागू शकतं. तेवढा वेळ गीझरच्या बॉडीवर आणि नळातून येणाऱ्या पाण्यात धोकादायक व्होल्टेज असतं. बत्तीसच्या एमसीबीला तेच ४६ अँपियर म्हणजे जरासा जादा लोड, तो तासभरही तसाच उभा राहू शकतो. आणि नाशिक-पुण्याकडे जमीन काळ्या पाषाणाची. दोन-तीन फुटांवर खडक लागला की खड्डा तिथेच थांबवलेला असतो, आणि मे महिन्यात माती सुकली की असल्या खड्ड्याचा रेझिस्टन्स ५ ओहमच्या कितीतरी वर जातो.

म्हणून आरसीसीबी, म्हणजे लीकेज ओळखून वीज तोडणारा स्विच. त्यातून फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट सारखा आहे ना, एवढंच तो बघतो. ३० मिलिअँपियरचा फरक पडला की ०.३ सेकंदांच्या आत, फरक मोठा असेल तर त्याहून फार लवकर, तो दोन्ही वायर तोडतो. माणसासाठी ३० मिलिअँपियरचाच घ्या. १०० किंवा ३०० चा आगीसाठी ठीक, शॉकसाठी नाही. अगदी छोट्या जोडण्या सोडल्या तर असं लीकेज-संरक्षण आता नियमानेही सक्तीचं आहे. पण आरसीसीबी लावला म्हणजे अर्थिंगची गरज संपली, असं समजू नका. अर्थिंग असेल तर मशिनमध्ये बिघाड होताच, कुणी हात लावायच्या आधीच तो पडतो. अर्थिंग नसेल तर तो पडण्यासाठी करंटला जमिनीकडे जाणारी वाट लागते, आणि ती वाट तुमची आई असते. जीव बहुधा वाचेल, पण शॉक बसेलच. दोन्ही हवेत.

इथवरचं थोडक्यात: वायरच्या जाडीला साजेसा एमसीबी आगीसाठी, ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी माणसासाठी, आणि आरसीसीबीला आपलं काम वेळेत करता यावं म्हणून प्रत्येक सॉकेटपर्यंत अर्थची वायर. पट्टीवरच्या जुन्या वायरिंगमध्ये ही तिसरी वायर दिव्यांच्या बोर्डांपर्यंत बहुधा गेलेलीच नसते. तुमच्याकडेही नसेल तर दुसऱ्या मिस्त्रीचं बरोबर आहे, मग वायर कितीही तुकतुकीत दिसो.

सगळं काढायचं की काही ठेवायचं, हे मी तीन ठिकाणी उघडून ठरवतो: मेन बोर्ड, सगळ्यांत जास्त वापरातला पॉवर पॉइंट आणि छतावरचा एखादा राउंड ब्लॉक (दिवा-पंख्याच्या जोडणीचा गोल ठोकळा), शक्यतो स्वयंपाकघरातला. छताशी उष्णता साठते, त्यात फोडणीची वाफ, म्हणून तिथली वायर सगळ्यांत आधी मरते. झाकण उघडून वायर बोटाने हलकेच वाकवायची. इन्शुलेशन पापडासारखं तडकलं तर पुढे बघायची गरज नाही. खाली बोर्डात तीच वायर मऊ, चकचकीत दिसते, आणि तेवढंच बघून मिस्त्री म्हणतो की वायरला काही झालेलं नाही. दुसरी खूण कनेक्शनपाशी: काळपट झालेला स्क्रू, तपकिरी पडलेली वायर, जळक्या प्लास्टिकचा वास. तिसरी, ॲल्युमिनियमला तांब्याचा तुकडा पिळून केलेला जॉइंट. हे दोन धातू एकमेकांत नीट टिकत नाहीत, सांधा ढिला होत जातो, तापतो, आणि घरातल्या कितीतरी आगी अशाच एका ढिल्या सांध्यापासून सुरू होतात. ॲल्युमिनियम निघालं तर मी अर्धंमुर्धं काम घेत नाही.

आणखी एक बघा. तुमच्या मेन स्विचशेजारी किटकॅट दोन आहेत का, एक फेजवर आणि एक न्यूट्रलवर? जुन्या घरांत हे दिसतं. न्यूट्रलवर फ्यूज ठेवायला १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासूनच मनाई आहे, तरी ते राहून गेलेत. तो न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घरातलं सगळं बंद पडतं, माणूस समजतो लाइट गेली, आणि प्रत्येक पॉइंटवर फेज जिवंत असतो.

आता कायदा. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण जसंच्या तसं बदलणं तुम्ही स्वतः करू शकता, जोवर त्याने वायरिंगची क्षमता किंवा रचना बदलत नाही. त्यापलीकडचं प्रत्येक काम, म्हणजे नवा पॉइंट, नवी लाइन, पूर्ण वायरिंग, हे राज्य सरकारची अनुज्ञप्ती असलेल्या कॉन्ट्रॅक्टरनेच करायचं असतं. सुपरवायझरचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या थेट देखरेखीखाली आणि वायरमनचा परवाना असलेल्या हातांनी. ही तरतूद १९५६ च्या नियमांत होती, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांत आली, आणि २०२३ मध्ये आलेल्या नव्या विनियमांतही आहे. तेव्हा कायद्याने उत्तर सरळ आहे: स्वतः वायरिंग करता येणार नाही.

परवान्याच्या या कागदांत लोक गोंधळतात. आयटीआयचं प्रमाणपत्र म्हणजे शिक्षण झालं, परवाना मिळाला असं नव्हे. वायरमनचा परवाना असलेला माणूस हाताने काम करू शकतो, पण स्वतःच्या नावावर काम घेऊन टेस्ट रिपोर्ट देऊ शकत नाही. तो कॉन्ट्रॅक्टरनेच द्यायचा. महाराष्ट्रात हे परवाने शासनाच्या ऊर्जा खात्याकडचं अनुज्ञापक मंडळ देतं. काम ठरवण्याआधी अनुज्ञप्तीची प्रत मागा, तिच्यावरची मुदत बघा आणि नाव जुळतंय का बघा. कामाचा माणूस अशी प्रत मागितल्यावर रागावत नाही. काही जण भाड्याच्या अनुज्ञप्तीवर काम करतात, म्हणजे सही एकाची आणि काम भलत्याचंच. त्याला एकच प्रश्न विचारा: झिऱ्या (वायरसाठी भिंतीत खोदलेल्या खाचा) बुजवण्याआधी आणि टेस्टिंगच्या दिवशी सुपरवायझर स्वतः येणार ना? उत्तरावरून तुम्हाला कळेल.

तुम्हाला काम येतं म्हणताय तर मजुरी दुसऱ्या ठिकाणी वाचते. पॉइंट कुठे हवेत याचा नकाशा काढणं, भिंतींवर खडूने खुणा करणं, कॉन्ट्रॅक्टरच्या यादीप्रमाणे सामान स्वतः आणणं, जुन्या पट्ट्या लाइन बंद करून दिल्यावर उतरवणं, सामान हलवून एकेक खोली मोकळी करणं. या सगळ्यात वायरमनचे तास जातात, आणि त्याला परवाना लागत नाही.

मीटर आणि त्याच्या आधीची, म्हणजे पुरवठ्याकडची बाजू महावितरणची. मीटरचं सील तुमच्या मिस्त्रीने तोडायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. मीटरमधली छेडछाड विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली चोरीत मोडते आणि गुन्हा ग्राहकावर दाखल होतो. वीज बंद करून हवी असेल तर त्यांच्या कार्यालयातून माणूस मागवा. आणि मंजूर भार बघा, तो बिलावर छापलेला असतो. जुन्या फ्लॅटला तो बऱ्याचदा एक-दोन किलोवॅटच असतो. समजा तुमच्या घरात २ किलोवॅटचा गीझर आहे, म्हणजे पावणेनऊ अँपियर. इंडक्शन तेवढंच. दीड टनाचा एसी सात-आठ अँपियर. सकाळी गीझर, इंडक्शन आणि इस्त्री एकदम चालू असेल तर बावीस अँपियरच्या, म्हणजे पाच किलोवॅटच्या जवळ जाता. भार वाढवण्याचा अर्ज ऑनलाइन होतो, सोबत कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतो. म्हणजे वायरिंग आधी, अर्ज नंतर. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा असेल, गोव्यात सरकारचं विद्युत खातं, तिथले फॉर्म वेगळे, क्रम साधारण हाच.

सोसायटीत एक गोष्ट हमखास राहून जाते: खाली मीटरपासून तुमच्या फ्लॅटपर्यंत येणारी मेन. आतलं सगळं नवं होतं आणि जिन्यातून येणारी वायर तीच १९८३ ची, दोन पदरी, अर्थशिवाय. सगळ्या घराचा लोड तीच वाहते. ती बदलायला सोसायटीची लेखी परवानगी घ्या, कारण ती सामाईक जागेतून जाते. त्याच अर्जात मीटर रूममधल्या अर्थिंगची मोजणी मागा. मोजणी अर्थ टेस्टरने झाली पाहिजे. फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब पेटवून 'बघा, झगझगीत पेटला' म्हणणं ही मोजणी नव्हे. तो बल्ब अर्ध्या अँपियरपेक्षा कमी घेतो. अर्थ ५० ओहमइतका वाईट असला तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो छान पेटतो. सोसायटीचा खड्डा खराब निघाला तर तो नवा करणं सगळ्यांच्याच हिताचं आहे. तोवर कंपाउंडमध्ये स्वतंत्र खड्डा करून हिरवी वायर वर आणता येते, तीही परवानगीनेच.

आता आतलं काम. दिवे-पंख्यांना दीड एमएम आणि ६ किंवा १० चा एमसीबी, सोळा अँपियरच्या सॉकेटना अडीच एमएम आणि १६ चा, गीझर-एसीला प्रत्येकी वेगळी चार एमएम आणि २० चा. फ्लॅटच्या मेनला मी १० एमएमच ओढतो, सहाने भागत असलं तरी, कारण ती पुन्हा बदलणं सगळ्यांत त्रासाचं. हे माझे नेहमीचे आकडे आहेत. अंतर जास्त असेल किंवा एका पाइपात बऱ्याच वायर असतील तर एक पायरी वर जावं लागतं. स्वयंपाकघराला सगळ्यांत जास्त लाइनी द्या. मी इंडक्शन एका लाइनवर, मायक्रोवेव्ह-मिक्सर दुसऱ्या लाइनवर घेतो आणि फ्रिज एकटा ठेवतो.

आरसीसीबी सगळ्या घराला एकच लावू नका. दोन तरी लावा, म्हणजे बाथरूममधल्या लीकेजने घरभर अंधार होणार नाही. आणि इथे वायरमनची खरी परीक्षा आहे: प्रत्येक आरसीसीबीखालच्या लाइनींचे न्यूट्रल वेगळे राहिले पाहिजेत. एका बोर्डात दोन लाइनींचे न्यूट्रल एकत्र पिळले की बेरीज जुळत नाही आणि आरसीसीबी कारण नसताना पडत राहतो. इन्व्हर्टरच्या वेळीही तेच होतं. मिस्त्री इन्व्हर्टरचा फेज दिव्यांना देतो, न्यूट्रल मिळेल तिथला वापरतो. मग आरसीसीबी पडतो, घरचे कंटाळतात, आणि कुणीतरी येऊन त्याला बायपास करून जातो. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे आरसीसीबी डीबीत (एमसीबी-आरसीसीबी बसवायच्या पेटीत) दिमाखात बसलाय आणि त्याला एकही वायर नाही. इन्व्हर्टर घ्यायचा असेल तर आत्ताच सांगा, त्याच्या लाइनी पहिल्यापासून वेगळ्या ठेवता येतात.

कन्सील करायचं की वरून, हे भिंती ठरवतात. विटांच्या भिंतीत उभी झिरी मारा. साडेचार इंची पार्टिशनमध्ये लांब आडवी झिरी नको, भिंत अर्धी होते. कॉलम, बीम आणि स्लॅबला कटर लावू द्यायचा नाही. चाळीस वर्षांच्या इमारतीत सळईवरचं काँक्रीट पातळ असतं, तिथे कटर घुसला की सळई उघडी पडते, गंजते, पुढे वरच्या मजल्याचं पाणी तिथूनच झिरपतं. पंख्याच्या पॉइंटपर्यंत छतावरून केसिंग पट्टी (वायर झाकणारी प्लास्टिकची पट्टी) न्या, रंग दिला की डोळ्यांत येत नाही. संपूर्ण घर केसिंगमध्ये केलं तरी सुरक्षिततेत काही उणं नाही, आणि पुढे दुरुस्ती सोपी जाते.

वायर आयएस ६९४ ची, आयएसआय मार्कची, शक्यतो आगीत कमी धूर करणारी. अडीच एमएमच्या वायरीत साधारण ०.३ मिलिमीटरच्या ३६ तारा असतात, दीडमध्ये २२. दुकानात टोक सोलून मोजायला लाजू नका, नकली बंडलात इथेच कसर असते. फेज लाल, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. मधेच लाल संपली म्हणून काळी फेजला वापरू देऊ नका. पुढचा वायरमन रंगावर भरवसा ठेवून हात घालणार आहे. पाइपात जॉइंट एकही नको, जोड फक्त बोर्डात. वायर ओढताना जोर लावावा लागला तर पाइप लहान पडलाय, तो मोठा घाला.

झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, मोजपट्टी भिंतीला लावून. खिळा ठोकताना ते उपयोगी पडतात. वीज चालू करण्याआधी टेस्टिंग तुमच्यासमोर होऊ द्या. उपकरणं काढून, स्विच चालू ठेवून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्शुलेशन तपासायचं. किमान १ मेगाओहम हवं, पण नव्या वायरिंगला शंभराच्या पुढे आलं नाही तर मी कारण शोधतो. प्रत्येक सॉकेटच्या अर्थची डीबीपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे वायर मधे कुठे तुटलेली नाही ना. प्रत्येक सॉकेटला समोरून बघता उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. प्रत्येक स्विच फेजवर. मग आरसीसीबी टेस्टरने किती मिलिसेकंदांत पडतो ते. नुसतं टेस्ट बटण दाबून समाधान मानू नका. ते बटण आतली यंत्रणा हलते का एवढंच सांगतं, तुमच्या सॉकेटला अर्थ पोचलाय का हे नाही. महिन्यातून एकदा ते बटण मात्र तुम्ही दाबत राहा, नाहीतर यंत्रणा आखडते.

हे सगळे आकडे टेस्ट रिपोर्टवर लिहून, सही-शिक्क्यासह घ्या, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या. डीबीच्या दारावर आतून कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा याची यादी मराठीत चिकटवायला सांगा, आईला वाचता येईल एवढ्या अक्षरात. महिनाभराने त्याच वायरमनला एकदा बोलवून डीबीतले सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या. नवी तांब्याची वायर स्क्रूखाली थोडी बसते, आणि पहिल्या महिन्यातला ढिलेपणा तेव्हाच काढून टाकता येतो.